चार वर्षं त्याच गोळ्या चालू आहेत. ८२ तपासण्यांचं पॅकेज करू का?

पोळीभाजी_पवननगर | ९ जून, रात्री ११.१०

नमस्कार. नाशिकला सिडकोत पवननगरला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. वय ४७. शुगर निघाली २०१९ साली, तीही अशीच. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होतं, त्याच्या आधीच्या रक्तात उपाशीपोटीची २११ आली. तेव्हा आमच्या गल्लीत एक चांगले डॉक्टर होते. दर तीन महिन्यांनी बोलवायचे आणि नाही गेलं तर रस्त्यात भेटल्यावर सगळ्यांसमोर रागवायचे. २०२१ मध्ये ते मुलाकडे पुण्याला गेले आणि दवाखाना बंद झाला. माझी फाईल त्यांच्या कपाटात राहिली की आमच्या घर बदलण्यात गेली, देव जाणे.

त्यांची शेवटची चिठ्ठी मी लॅमिनेट करून ठेवलीय. हसू नका, हळदीच्या हातांनी चार वर्षं टिकली ती त्यामुळेच. महिन्याला मेडिकलवाल्याला दाखवायची आणि गोळ्या आणायच्या. पहाटे ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५००, रात्री परत मेटफॉर्मिन ५००. मध्ये दोन डॉक्टर करून पाहिले. एकांनी मान वर न करता विचारलं, शुगर किती? मी म्हटलं १४०. म्हणाले, चालू ठेवा. ३०० रुपये. एवढं तर मी स्वतःला फुकटात सांगते.

माझी अडचण वेळेची आहे. साडेचारला उठते, पाचला चहाबरोबर गोळी आणि लगेच कणीक. आठच्या आत अंबडच्या कंपन्यांचे ६० डबे गेले पाहिजेत. त्यानंतर दुकान. मी खाते ते थेट अकराला. लॅबवाले म्हणतात उपाशीपोटी आठला या, मग नाश्ता करून बरोबर दोन तासांनी परत या. त्या दोन तासांत पोळ्या कोण लाटणार?

आता मोबाईलवर एक जाहिरात आलीय. घरी येऊन रक्त नेणार, ८२ तपासण्या, १,४९९ रुपये. मुलगी म्हणते करून टाक. आमचे हे म्हणतात, चांगली आली तर पैसे वाया आणि वाईट आली तर झोप वाया. मला एवढंच विचारायचंय की शुगर १३०-१४० असताना बाकीचं सगळं तपासायची खरंच गरज असते का, आणि असली तर हे पॅकेज पुरेल का?

तब्येत तशी ठणठणीत आहे. दहाच्या सुमाराला कधीकधी हात थरथरतात, घाम येतो, पण ते पोटात काही नसतं म्हणून. एक बेसनाचा लाडू खाल्ला की बरं वाटतं. पाळी जायच्या बेतात आहे, त्यामुळे अंगावरून जास्त जातं. मार्चमध्ये हिमोग्लोबिन ९.४ होतं. आणि परवा एक गंमतच झाली. उजव्या पायावर चांगला बोराएवढा फोड. कढईतलं तेल उडालं असणार, पण मला पत्ताच नाही, रात्री मुलीने दाखवला. हाताला चटक्याची सवय होते तशी पायालाही झाली बहुतेक.

---

नळी_नंबर_१७ | १० जून, सकाळी ७.४०

ताई, मी नाशिकरोडला एका लॅबमध्ये ११ वर्षं रक्त काढतोय, म्हणजे आता जे बोलणार आहे ते माझ्याच धंद्याच्या विरोधात आहे.

८२ हा आकडा कसा होतो ते सांगतो. सीबीसी ही एक नळी. त्यात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट अशा वीसेक ओळी छापून येतात. जाहिरातीत त्या वीस तपासण्या. लिव्हरची एक तपासणी, तिच्या दहा-बारा ओळी. लिपिडच्या सात-आठ. जेवणाच्या ताटातल्या मिठा-लिंबाचेही वेगळे पदार्थ म्हणून पैसे लावल्यासारखं आहे, तुमच्या धंद्यात कोणी असं केलं तर गिऱ्हाईक उभं राहणार नाही.

आणि शुगरवाल्याला जे हवं ते नेमकं अशा पॅकेजात बऱ्याचदा नसतं. लघवीची एसीआर नावाची तपासणी आहे. लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती जातंय ते क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी बाहेर टाकते त्या एका टाकाऊ पदार्थाच्या, प्रमाणात मोजतात. ३० च्या खाली हवं. किडनीला त्रास सुरू होतो तेव्हा पहिली खूण इथे दिसते. रक्तातलं क्रिएटिनिन तेव्हा बऱ्याचदा नॉर्मलच असतं आणि साध्या लघवी तपासणीच्या पट्टीला एवढं थोडं प्रोटीन दिसत नाही. पॅकेजात 'युरीन रुटीन' लिहिलेलं असतं ते वेगळं, त्यावर समाधान मानू नका. एसीआर पाळीच्या दिवसांत, तापात किंवा लघवीला जळजळ असताना देऊ नका, उगाच वाढलेली येते.

उपाशीपोटीचं म्हणाल तर एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते ती, आज सकाळी काय खाल्लं याच्याशी तिचा संबंध नाही. दुपारी चारला दुकान निवांत असेल तेव्हा या आणि द्या. क्रिएटिनिन, सीबीसी, बी-१२ यांनाही घड्याळ लागत नाही. लिपिडसुद्धा, म्हणजे रक्तातली चरबी, हल्ली बहुतेकांचं न उपाशी राहता चालतं, ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं निघालं तर परत उपाशीपोटी बोलवतात. बी-१२ मुद्दाम म्हटलं, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं ते कमी होतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. क्रिएटिनिन दिलंत की रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, छापलाय का बघा, नसेल तर मागून घ्या. तो नुसता हिशेब असतो, वेगळे पैसे पडत नाहीत.

एक अडचण मात्र आहे. तुमचं हिमोग्लोबिन ९.४. एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. लोह कमी असलं की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. रक्त बरंच जात असेल किंवा लोहाच्या गोळ्या नुकत्याच चालू झाल्या असतील तर उलट कमीही येतो. म्हणून हिमोग्लोबिन किती होतं ते डॉक्टरांना आधी सांगा आणि घरच्या ग्लुकोमीटरचे आठ-पंधरा दिवसांचे आकडे लिहून न्या. दोन्ही समोर ठेवून बघितलं पाहिजे.

रिपोर्ट वाचून दाखवा म्हणून मला सांगू नका. ते माझं काम नाही.

---

निवृत्त_सिस्टर_पंचवटी | १० जून, दुपारी २.०५

लॅबवाल्या दादांनी चांगलं लिहिलंय, पण ताई, मी तुमच्या प्रश्नाच्या आधी तुमच्या शेवटच्या परिच्छेदापाशीच थांबले. तुम्ही ज्याला गंमत म्हणताय ती गंमत नाही.

३४ वर्षं सरकारी नोकरीत काढली, त्यातली बरीच सर्जरीच्या वॉर्डात. आत खिळा घुसलेला बूट दिवसभर घालून फिरलेले गवंडी पाहिलेत. संध्याकाळी मोजा काढताना रक्त दिसलं तेव्हा कळलं. कोणी शेकायला म्हणून गरम पाण्यात पाय घातले आणि साल निघून आली. यातल्या एकालाही दुखलं नव्हतं. दुखलं असतं तर ते वेळेवर आले असते. हाताला चटक्याची सवय होते म्हणजे आपण हात झटकत नाही एवढंच, चटका बसला हे कळतं. उकळत्या तेलाचा थेंब पायावर पडून कळतच नाही याला सवय म्हणत नाहीत.

फोड फोडला नसेल तर फोडू नका. टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काही लावू नका. साध्या पाण्याने आणि साबणाने धुवा, टिपून कोरडा करा, स्वच्छ गॉज ठेवा आणि उद्या-परवाकडे डॉक्टरला दाखवा. भोवती लाली पसरली, पू किंवा वास आला, ताप आला तर त्याच दिवशी जायचं, डबे राहिले तर राहिले.

पायाची तपासणी पाच मिनिटांची असते आणि तिला सुई लागत नाही. नायलॉनचा एक जाड केसासारखा धागा असतो, टेकवल्यावर १० ग्रॅम दाब पडला की वाकतो. डोळे मिटायला सांगतात आणि तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून विचारतात, कळलं का. मग नादकाटा, शाळेत विज्ञानाच्या तासाला वाजवायचो तो, अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप जाणवतो का बघतात. घोट्यापाशी आणि पायाच्या वरच्या बाजूला नाडी चाचपतात. वर्षातून एकदा हे झालंच पाहिजे आणि तुमच्यासारखं काही झालं असेल तर त्याहून जास्त वेळा. डॉक्टरने पाय बघितला नाही तर तुम्ही चप्पल काढून पाय पुढे करा. लाजायचं काय त्यात? मी तर म्हणते टेबलावर ठेवला तरी चालेल.

घरी रोज रात्री तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवायचा किंवा मुलीला सांगायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, तुमच्या कामात ओलं फार. भोवरी ब्लेडने कापायची नाही आणि मेडिकलमधली भोवरीची पट्टीही लावायची नाही. स्वयंपाकघरात अनवाणी उभं राहणं आजपासून बंद. देवघरात जाताना काढा, पण शेगडीपुढे पुढून बंद असलेलं काहीतरी पायात हवंच.

आता तुमचा दहा वाजताचा लाडू. पहाटे पाचला ग्लिमेपिराइड घ्यायची आणि अकराला जेवायचं, मध्ये साठ डबे. ताई, ती गोळी पोटात अन्न असो-नसो साखर खाली ओढते. हात थरथरणं, घाम, ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. पुढच्या वेळी आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, अजून खालीच असेल तर परत तेवढीच. मशीन हाताशी नसेल तर मोजत बसू नका, साखर घ्या. लाडवातल्या तुपाने साखर रक्तात जायला उशीर लागतो. तो नंतर खा, माझी हरकत नाही. आणि डॉक्टरकडे गेल्यावर ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायची. गोळी मनाने बंदही करायची नाही आणि डोस मनाने वाढवायचाही नाही. तोवर पाचला गोळीबरोबर एक पोळी पोटात जाऊ द्या. साठ लाटता, एकसष्टावी स्वतःची.

राहिला डोळा. त्याला कुठलंही पॅकेज हात लावत नाही. बाहुली मोठी करून आतला पडदा वर्षाला एकदा बघून घ्यायचा. शुगर निघाली त्याच वर्षापासून, दिसायला चांगलं असलं तरी. तुमचं २०१९ पासून एकदाही झालेलं दिसत नाही.

खर्चाची काळजी असेल तर सिव्हिलला जा, त्र्यंबक रोडवर. असंसर्गजन्य आजारांची ओपीडी विचारा, सगळे तिला एनसीडी म्हणतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत केल्यात. महापालिकेच्या दवाखान्यांचा कारभार वेगळा, तिथे विचारून घ्या. सिव्हिलला वेळ जातो हे खरं, मी खोटं बोलणार नाही. आधार कार्ड, जुने कागद असतील ते, पाण्याची बाटली आणि खायला डबा घेऊन जा. डबा तुम्हाला काय सांगायचा म्हणा.

---

आरोग्यधन | १० जून, दुपारी ४.३०

या सगळ्या तपासण्या म्हणजे घाबरवून पैसे काढायचे धंदे. जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याचा रस सकाळी उपाशीपोटी, ४० दिवस. गोळ्या कायमच्या बंद होतात. अनुभव घ्या. माहितीसाठी मेसेज करा.

---

दिंडोरीचा_बागायतदार | १० जून, रात्री ९.१५

घेतला अनुभव. वरच्या भाऊंना सांगतो मेसेज करायची गरज नाही, इथंच सगळ्यांपुढं ऐका.

२०२० च्या लॉकडाऊनमधी द्राक्षं बांधावर पडून राहिली, डोकं ठिकाणावर नव्हतं. दवाखान्यात जायची भीती. एकानं अशीच पूड दिली. चार महिने गोळ्या बंद. अंग हलकं वाटायचं, वजन उतरलं, मी म्हणलं वा! ते वजन शुगर वाढून उतरत होतं हे नंतर कळलं. ऑक्टोबरात छाटणीच्या वेळी उजव्या डोळ्यापुढं काळं जाळं तरंगायला लागलं. मी फवारणीचा चष्मा तीनदा पुसला. चौथ्यांदा कळलं का जाळं चष्म्यावर नाहीच. पडद्यातून रक्त आलं होतं. लेझर झालं, खर्च झाला, नजर पहिल्यासारखी आली नाही ती नाहीच. ट्रॅक्टर आता पोरगा चालवतो. कारल्याचा रस मी अजून पितो, आवडतो म्हणून. पण गोळी खाऊन.

ताई, वेळेचं म्हणाल तर माझं गणित सांगतो. द्राक्षबागेला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलात खरड, ऑक्टोबरात गोडी. तेच दोन मुहूर्त मी माझ्या रक्ताला दिलेत. एप्रिलमधी एचबीएवनसी, लघवी, किडनी, चरबी सगळं. ऑक्टोबरात परत एचबीएवनसी. डोळे सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या आधी, कारण एकदा छाटणी झाली का मार्चपर्यंत बाग सोडता येत नाही. पाय डॉक्टर दोन्ही वेळेला बघतात. तारीख लक्षात ठेवायची भानगडच नाही, बाग आठवण करून देते. माझी शुगर आता एकसारखी राहतेय म्हणून सहा महिने चालतं. औषध बदललं होतं तेव्हा डॉक्टर तीन महिन्यांनी बोलवायचे, तुमचं तसंच होईल.

आणि एक दोनशे पानी वही करा. उभी रेघ मारा. डाव्या बाजूला आकडे, उजव्या बाजूला डॉक्टरला काय विचारायचं ते. आपण तिथं गेलो का सगळं विसरतो. मी तर एकदा बायकोच्या गुडघ्याबद्दल बोलून परत आलो, माझं राहिलंच.

---

पोळीभाजी_पवननगर | १० जून, रात्री ११.४०

सिस्टर, तुमचं वाचून पहिल्यांदा राग आला, मग मुलीला बोलावून दोन्ही तळवे बघायला लावले. डाव्या टाचेला एक भेग आहे, तीही मला माहीत नव्हती. आज दहाला मशीन लावलं. ६१.

पॅकेज नाही करत. पण मोठ्या स्पेशालिस्टकडे जावं लागेल का? त्यांच्या फीचा आकडा ऐकूनच साखर वाढते.

---

निवृत्त_सिस्टर_पंचवटी | ११ जून, सकाळी ६.२०

सुरुवातीला एमडी मेडिसिन फिजिशियन पुष्कळ झाले. त्यांना वाटलं तर ते पुढे पाठवतील. डॉक्टर निवडताना मोठी पाटी बघू नका. पाय बघतो का, बीपी स्वतः मोजतो का आणि पुढची तारीख लिहून देतो का, एवढं बघा. ६१ चा आकडा त्यांना दाखवायचाच. आणि आज चहाबरोबर पोळी खाल्लीत का?

---

पोळीभाजी_पवननगर | २ जुलै, दुपारी ३.५०

खाल्ली. रोज खाते.

उशिरा लिहितेय, कारण सगळं व्हायला तीन आठवडे लागले. रक्त आणि लघवी दुपारी चारला दिली, पाळी संपल्यावर. फिजिशियन इंदिरानगरच्या बाजूचे एक मिळाले, माझ्या एका डबेवाल्या गिऱ्हाइकाने सांगितले. आत गेल्यावर वही उघडली आणि बसल्याबसल्या चप्पल काढली. डॉक्टर हसले, म्हणाले कोणी शिकवलं? मी म्हटलं पंचवटीच्या सिस्टरनी.

तो धागा त्यांनी दहा ठिकाणी टेकवला. उजव्या पायाला तीन ठिकाणी मला काही कळलं नाही. डोळे मिटून मी आपली वाट बघत होते की आता टेकवतील, आणि ते म्हणाले, झालं. डब्याचं झाकण लावताना ते नीट बसल्याचा जो टक् आवाज येतो ना, तो न ऐकता डबा पुढे गेला की कसं वाटतं, तसं वाटलं मला. नाडी दोन्हीकडे चांगली आहे. फोड सुकतोय.

एचबीएवनसी ८.१ आली. मी पोटात गोळा घेऊन बसले होते, पण त्यांनी हिमोग्लोबिन बघितलं, ९.६, आणि वहीतले आकडे बघितले. म्हणाले हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो, पण तुमचे जेवणानंतरचे २१० आणि २२५ सुद्धा खरेच आहेत. मी आजवर फक्त सकाळची मोजत होते, म्हणून माझं आपलं १३०-१४० चाललं होतं. बी-१२ कमी निघालं. एसीआर ६४. एका तपासणीवर शिक्का मारत नाहीत म्हणे, तीन महिन्यांत परत करायची आणि तेव्हाही वाढलेली आली तर मग किडनीवर परिणाम सुरू झाला असं धरायचं. बीपी १४६/९० होतं, मला बीपी आहे हेच मला माहीत नव्हतं. त्याची एक गोळी दिलीय, ती किडनीलाही सांभाळते म्हणाले. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करायला सांगितलंय. अंगावरून जातं त्यासाठी बायकांच्या डॉक्टरबाईंकडे वेगळं पाठवलंय.

ग्लिमेपिराइड बंद केली. त्याऐवजी काय दिलं ते मुद्दाम लिहीत नाही. इथे माझ्यासारखे लॅमिनेट करणारे बरेच असतील.

डोळ्यांना सरकारी दवाखान्यात गेले. रांग होती, डबा नेला होता, शेजारच्या आजींनाही दिला. थेंब घालून अर्धा तास बसवलं. पडद्यावर अगदी सुरुवातीचे बारीक ठिपके आहेत. आत्ता काही करायचं नाही, पण वर्ष चुकवायचं नाही आणि शुगर-बीपी आवरायचं. सांगायची गोष्ट वेगळीच. मला वाटलं तासाभरात दिसायला लागेल म्हणून परस्पर दुकानात गेले. जवळचं काही म्हणजे काही दिसेना. उन्हात डोळे उघडेनात. एकाला ८० रुपयांचे डबे दिले आणि शंभराच्या नोटेवर वीसऐवजी दोनशे परत केले. त्याने ते प्रामाणिकपणे परत दिले म्हणून कळलं. संध्याकाळी यांनी गल्ला सांभाळला आणि रात्रीचे डबे यांनीच भरले. एका गिऱ्हाइकाला दोन वरणं गेली आणि भाजी नाही. तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी स्कूटर नेऊ नका, काळा गॉगल न्या आणि त्या दिवशी पैशाचा व्यवहार करू नका.

बागायतदार दादा, माझ्याकडे छाटणी नाही, पण नवरात्र आहे. नऊ दिवस उपवासाचे डबे असतात आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी दुकान धुवायला दोन दिवस बंद ठेवते. पुढची तपासणी तिथे लावलीय. डोळे पुढच्या जूनला, शाळा सुरू व्हायच्या आधी.

---

नळी_नंबर_१७ | २ जुलै, संध्याकाळी ५.१५

एसीआर परत देताना शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या, डबी आदल्या दिवशी नेऊन ठेवा. पाचला कणीक मळायच्या आधी होऊन जाईल. आठनंतर कोणाच्याही हाती पाठवा.

---

दिंडोरीचा_बागायतदार | २ जुलै, रात्री ८.३०

वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावून त्यावर लिहा. मोबाईलमधी टाकाल तर गाणं वाजंल आणि तुम्ही कणकीच्या हातानं बंद कराल. आणि डोळ्याचं जूनमधी नक्की जा, ते ठिपकं माझं पण तिथूनच चालू झालं होतं.

---

निवृत्त_सिस्टर_पंचवटी | २ जुलै, रात्री ९.००

शाब्बास. आता पायात काय घालता ते सांगा.

---

पोळीभाजी_पवननगर | २ जुलै, रात्री ११.२०

सध्या यांचे जुने बूट, आत कापूस घालून. मुलगी म्हणते मी सर्कशीतली दिसते. नवीन घ्यायचेत, पण माप कसं घ्यायचं? पायाला नीट कळत नाही म्हटल्यावर घट्ट की सैल हेच कळणार नाही ना.

---

निवृत्त_सिस्टर_पंचवटी | ३ जुलै, सकाळी ६.०५

म्हणूनच कळण्यावर सोडायचं नाही. आधी ते कापसाचे बूट काढा, बोळा गोळा होऊन बोटांना घासेल. संध्याकाळी माप घ्या, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हा. कागदावर उभं राहून दोन्ही पायांची पेन्सिलने आखणी करा, कापून घ्या आणि तो कागद दुकानात बुटाच्या आत घालून बघा. कागद दुमडला तर बूट लहान. पुढे अर्धा-पाऊण इंच जागा हवी. आतल्या बाजूने हात फिरवून शिवण कुठे टोचते का बघा, आणि घालण्याआधी रोज झटकून घ्या. पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायचे आणि काढून पाय बघायचे.

---

पोळीभाजी_पवननगर | ३ जुलै, दुपारी ३.३०

संध्याकाळी सात ते नऊ पोळ्या असतात. सोमवारी दुकान बंद, सोमवारी मेनरोडला जाते. कागद कापून ठेवलेत. डावा उजव्यापेक्षा मोठा निघाला, हे ४७ वर्षांत पहिल्यांदा कळलं.